पासवर्ड बरोबर, तरी संगणक आत घेत नाही

संगणकविषयक शंका आणि उत्तरे

प्रश्न : संपादक महोदय, स. न. वि. वि.
आमच्याकडे सात वर्षांपूर्वी घेतलेला टेबलावरचा संगणक आहे आणि त्यावर विंडोज १० आहे. गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त छापून आणण्यासाठी पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेला होता. घरी आल्यावर तो लावला, त्यातले एक फोल्डर उघडले आणि तेव्हापासून संगणक फार हळू चालू लागला. मुलाने फोनवरून सांगितल्याप्रमाणे एक अँटिव्हायरस टाकला. त्याने अकरा धोके सापडल्याचे दाखवले, सगळे काढून टाकले आणि संगणक बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले. आता पासवर्ड टाकला की 'वेलकम' दिसते, दोन-तीन सेकंदांत 'साइनिंग आउट' अशी अक्षरे येतात आणि पुन्हा पासवर्डचीच चौकट समोर येते. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून पाहिला, तर तो चुकीचा असल्याचे सांगते. सेफ मोडमध्येही हाच प्रकार आहे. दुरुस्ती करणारे म्हणतात की विंडोज उडाले आहे, फॉरमॅट मारावे लागेल आणि डेटाची खात्री देता येणार नाही. माझ्या यजमानांनी निवृत्तीनंतर लिहिलेल्या आठवणींची सुमारे दोनशे पाने, श्रीलिपीत टाइप केलेली, त्याच संगणकावर आहेत. ते आता हयात नाहीत आणि त्या लेखनाची दुसरी प्रत नाही. फॉरमॅट करू द्यावे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : फॉरमॅट करू देऊ नका. यजमानांचे लेखन दुसऱ्या जागी पोचले आहे, तिथे ते उघडते आहे आणि वाचताही येते आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या संगणकावर नवे विंडोज टाकण्याची परवानगी कोणालाही देऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. आपण वर्णन केलेल्या बिघाडात डिस्कवरच्या फायलींना सहसा धक्का लागलेला नसतो. बिघडलेली असते ती आत नेणारी वाट, आणि ती बहुतेक वेळा एका ओळीच्या दुरुस्तीने मोकळी होते.

चुकीचा पासवर्ड टाकून पाहिलात, हे फार चांगले केलेत. संगणक चुकीचा पासवर्ड नाकारतो आणि बरोबर असलेला स्वीकारतो, याचा अर्थ आपले खाते शाबूत आहे आणि अडचण त्यानंतरच्या पायरीवर आहे. पासवर्ड पटला की विंडोजचा 'विनलॉगऑन' नावाचा भाग 'रजिस्ट्री' या विंडोजच्या मोठ्या नोंदवहीतली एक ओळ वाचतो. त्या ओळीचे नाव 'युजरइनिट', आणि पुढे कोणता प्रोग्राम चालवायचा त्याचा पत्ता तिथे लिहिलेला असतो. निरोगी संगणकावर तो पत्ता विंडोजच्याच, त्याच नावाच्या एका लहानशा प्रोग्रामचा असतो. हा प्रोग्राम आपल्या खात्याची मांडामांड करतो, नेटवर्कच्या जोडण्या पूर्ववत करतो, 'एक्सप्लोरर' सुरू करतो, म्हणजेच डेस्कटॉप, खालची पट्टी आणि फोल्डरांच्या खिडक्या आपल्यासमोर आणतो, आणि काम झाले की स्वतः बंद होतो.

ही ओळ व्हायरस लिहिणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे, कारण तिथे नाव घातले की संगणकात कोणीही शिरले तरी आपला प्रोग्राम चालतोच. त्या ओळीत स्वल्पविराम देऊन एकाहून अधिक प्रोग्राम लिहिता येतात, म्हणून काही व्हायरस मूळ नावाच्या पुढे स्वतःचे नाव जोडतात. काही मात्र मूळ नाव पुसून तिथे आपले लिहितात आणि स्वतः चालू झाल्यावर खऱ्या युजरइनिटला हाक मारतात, जेणेकरून घरातल्या कोणाला संशय येऊ नये. अशा वेळी अँटिव्हायरसने व्हायरसची फाइल काढली पण नोंदवहीतली ओळ तशीच ठेवली, की आपल्यासारखी अडचण उभी राहते. विनलॉगऑन त्या पत्त्यावर जातो, तिथे कोणी नसते, डेस्कटॉप मांडायला कोणी उरत नाही, आणि आपण पुन्हा पासवर्डच्या चौकटीसमोर येतो. काही संगणकांवर 'साइनिंग आउट'ऐवजी नुसता काळा पडदा दिसतो. त्यामागेही पुष्कळदा हीच ओळ किंवा तिच्या शेजारची 'शेल' ही, डेस्कटॉप कोणत्या प्रोग्रामने मांडायचा ते सांगणारी ओळ असते. सेफ मोड म्हणजे मोजक्याच भागांवर चालणारे विंडोज, पण त्यालाही याच युजरइनिटमधून जावे लागते, त्यामुळे तिथे निराळे काही घडले नाही.

हा प्रकार नवा नाही. विंडोज एक्सपीच्या काळात, २००४ च्या सुमारास, 'ब्लेझफाइंड' नावाच्या आगंतुक प्रोग्रामने असंख्य संगणकांवर युजरइनिटच्या जागी 'डब्ल्यूएसएअपडेटर' या स्वतःच्या फाइलचे नाव लिहून ठेवले होते. त्या वेळच्या स्वच्छता करणाऱ्या प्रोग्रामने ती फाइल काढली, आणि काल चालणारे संगणक आज आत घेईनासे झाले. तेव्हाचा उपाय साधा होता : एक्सपीच्या सीडीवरून 'रिकव्हरी कन्सोल'मध्ये जायचे, खऱ्या युजरइनिटची एक प्रत काढायची आणि तिला त्या गेलेल्या फाइलचे नाव द्यायचे. नोंदवहीने हाक मारली की त्या नावाने खराच प्रोग्राम धावून येई, डेस्कटॉप दिसे, आणि मग आत बसून नोंदवही दुरुस्त करता येई. त्या दिवसांत मी ज्या घरांत गेलो, तिथेही सर्वांना 'फॉरमॅट मारा' असेच सांगितलेले होते. एका घरातल्या आजोबांच्या आवाजातल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण अशा फॉरमॅटमध्ये गेले, ते परत मिळाले नाही. आपले पत्र वाचताना मला तेच घर आठवले, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितो आहे.

आधी लेखन बाहेर काढू, मग दुरुस्ती करू. हा क्रम उलटा करू नये. मुलगा दोन दिवस घरी येऊ शकत असेल तर उत्तम. नसेल तर फोनच्या व्हिडिओवर त्याला पडदा दाखवत आपणही हे करू शकाल. नवा कोरा, किमान ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आणा. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह लावू नका.

पासवर्डच्या पडद्यावर उजवीकडे खाली पॉवरचे चिन्ह असते. कीबोर्डवरची 'शिफ्ट' कळ दाबून धरा आणि ती न सोडता त्या चिन्हातले 'रिस्टार्ट' निवडा. निळा पडदा येईल. त्यात 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि मग 'कमांड प्रॉम्प्ट' घ्या. मध्येच आपले खाते निवडून पासवर्ड विचारला गेला तर नेहमीचाच द्या. ४८ आकडी किल्ली मागितली तर डिस्कवर 'बिटलॉकर'चे कुलूप आहे असे समजावे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने संगणक सुरू होत असेल, तर ती किल्ली बहुधा त्या खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरून त्या खात्यात शिरून पाहता येते.

कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडली की 'एक्स' या ड्राइव्हचे नाव दिसेल. घाबरू नका, हे दुरुस्तीपुरते तात्पुरते विंडोज आहे, आपले विंडोज या क्षणी झोपलेले आहे. त्यामुळे त्यात काही व्हायरस उरला असला तरी तो चालत नाही, आणि नव्या पेनड्राइव्हवर आपण होऊन उडी मारू शकत नाही. त्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत 'नोटपॅड' लिहून एंटर दाबा. ओळखीचे नोटपॅड उघडेल. त्यातल्या 'फाइल' मेनूत 'ओपन' घ्या आणि खालच्या खणात 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स'ऐवजी 'ऑल फाइल्स' निवडा. ही ओपनची चौकट आता फोल्डरांच्या खिडकीसारखी वापरता येते. 'धिस पीसी'त जाऊन ज्या ड्राइव्हवर 'युजर्स' फोल्डर आणि त्यात आपल्या नावाचे फोल्डर आहे तो ड्राइव्ह शोधा. इथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीचा 'सी' इथे 'डी' म्हणूनही दिसेल, तेव्हा ते अक्षर कागदावर लिहून ठेवा. आपल्या नावाच्या फोल्डरातील 'डॉक्युमेंट्स', 'डेस्कटॉप', 'पिक्चर्स' आणि 'डाउनलोड्स' यांवर माउसची उजवी कळ दाबून 'कॉपी' करा आणि पेनड्राइव्हवर जाऊन 'पेस्ट' करा. किती काम झाले हे दाखवणारी पट्टी इथे येत नाही आणि खिडकी गोठल्यासारखी वाटते. चहा करून या, पण संगणक बंद करू नका.

यजमानांच्या लेखनासाठी आणखी एक गोष्ट अवश्य करा. श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीतला, नसेल, तर तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर केवळ इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी म्हणून दिसतो. फाइल वाचली, पण फॉण्ट फॉरमॅटमध्ये गेले, असे मराठी घरांत पुष्कळदा होते आणि लोक समजतात की फाइलच बिघडली. म्हणून त्याच ड्राइव्हवरच्या 'विंडोज' फोल्डरातले 'फॉण्ट्स' हे संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. पुढे दुसऱ्या संगणकावर त्यातले श्रीलिपीचे फॉण्ट बसवून लेखन उघडा, पाने पाहा आणि लगेच पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉण्ट सामावला जात असल्याने ती कुठेही जशीच्या तशी दिसेल. तिची एक प्रत मुलाकडे असू द्या, आणि दोनशे पाने एकदा कागदावर छापूनही घ्या.

एवढे झाल्यावर दुरुस्ती. पुन्हा त्याच कमांड प्रॉम्प्टवर या आणि 'रेजएडिट' असे इंग्रजीत लिहा. नोंदवही उघडेल, पण ती आपली नव्हे, त्या तात्पुरत्या विंडोजची. पुष्कळजण इथेच फसतात : हीच नोंदवही आपली समजून ओळ तपासतात, ती बरोबर दिसते, आणि 'यात तर काही बिघाड नाही' म्हणून फॉरमॅटकडे वळतात. आपली नोंदवही वेगळी उघडावी लागते. डावीकडे 'एचकी लोकल मशीन' या नावावर टिचकी द्या, 'फाइल' मेनूतून 'लोड हाइव्ह' घ्या आणि मघाशी लिहून ठेवलेल्या ड्राइव्हवर 'विंडोज', 'सिस्टिम३२', 'कॉन्फिग' या वाटेने जाऊन 'सॉफ्टवेअर' नावाची फाइल निवडा. (ही फाइल आधी पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवावी, हात चुकला तर परत ठेवता येईल.) नाव विचारले जाईल, तिथे इंग्रजी अक्षरांत 'घर' असे काहीही लिहा. आता 'घर'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज एनटी', 'करंटव्हर्जन', 'विनलॉगऑन' असे उतरत जा. 'विंडोज' आणि 'विंडोज एनटी' ही दोन वेगळी नावे आहेत, आपल्याला दुसरे हवे.

उजवीकडे 'युजरइनिट' ही ओळ दिसेल. तिच्यात जे लिहिले आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा, कारण तिथे व्हायरसच्या फाइलचे नाव सापडण्याची शक्यता मोठी आहे. मग ती दोनदा टिचकून इंग्रजीत एवढेच ठेवा :

सी:\विंडोज\सिस्टिम३२\युजरइनिट.ईएक्सई,

शेवटचा स्वल्पविराम ठेवायचा आहे. इथे 'सी'च लिहायचे, दुरुस्तीच्या पडद्यावर ड्राइव्ह 'डी' दिसत असला तरीही, कारण जागे झाल्यावर आपले विंडोज त्याला 'सी' म्हणूनच ओळखते. शेजारच्या 'शेल' या ओळीत फक्त 'एक्सप्लोरर.ईएक्सई' असावे, आणखी काही जोडलेले असेल तर ते पुसा. तेवढ्यात 'करंटव्हर्जन'मधले 'इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स' हेही उघडून पाहा. त्यात युजरइनिट किंवा एक्सप्लोरर या फायलींच्या नावाचा कप्पा असेल आणि त्यात 'डीबगर' अशी ओळ असेल, तर ती ओळ काढून टाका. तिच्या आधारे एका प्रोग्रामच्या हाकेला दुसऱ्यालाच उभे करता येते. शेवटी 'घर' या नावावर टिचकी देऊन 'फाइल' मेनूतून 'अनलोड हाइव्ह' करा आणि संगणक पुन्हा चालू करा.

ओळ आधीपासूनच बरोबर निघाली, तर 'सिस्टिम३२'मध्ये युजरइनिट ही फाइल आहे का ते पाहावे. कधीकधी व्हायरस त्या फाइललाच चिकटतो आणि अँटिव्हायरस ती सबंध काढतो. तसे असल्यास 'एसएफसी' ही मूळ फायली परत बसवणारी आज्ञा याच कमांड प्रॉम्प्टवरून चालवता येते. मात्र तिला 'ऑफबूटडिर' आणि 'ऑफविनडिर' या दोन सूचनांनी आपले विंडोज कोणत्या ड्राइव्हवर आहे ते सांगावे लागते, नाहीतर ती भलतीकडेच शोधत राहते. हे काम मुलाकडून करून घ्या. 'सिस्टिम रिस्टोअर'ही करून पाहण्यासारखे आहे. जुना टप्पा साठवलेला असेल तर नोंदवही त्या दिवशीसारखी होते, पण बऱ्याच घरगुती संगणकांवर ही सोय बंदच असते.

एका जुन्या सल्ल्यापासून मात्र दूर राहा. 'कॉन्फिग'मधल्या 'रेगबॅक' फोल्डरातून नोंदवहीची राखीव प्रत आणून मूळ प्रतीवर टाकावी, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. विंडोज ७ वर ते योग्य होते. विंडोज १० ने मात्र १८०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, ती राखीव प्रत ठेवणे बंद केले; फायलींची नावे दिसतात, पण त्यांचा आकार शून्य असतो. चांगल्या नोंदवहीवर कोरी वही टाकली, तर आज निदान पासवर्डची चौकट तरी दिसते, उद्या तीही दिसणार नाही.

आत शिरता आले म्हणजे घर स्वच्छ झाले असे समजू नका. इंटरनेटची तार किंवा वायफाय बंद ठेवूनच पहिल्यांदा आत जा. 'विंडोज सिक्युरिटी'तल्या 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' आहे, तो चालवा. तो संगणक बंद-चालू करून विंडोज जागे होण्यापूर्वीच तपासणी करतो आणि साधारण पंधरा मिनिटे घेतो. मोबाइलच्या फोटोत जे अनोळखी नाव टिपले असेल, त्या फाइलचा मागमूस उरला आहे का तेही पाहा. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड मोबाइलवरून बदला, त्या संगणकावरून नको. बँकेच्या खात्यात अनोळखी व्यवहार दिसला तर त्याच तासात १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता येणे हे पहिल्या काही तासांवरच अवलंबून असते.

आता फॉरमॅटविषयी माझे मत. अँटिव्हायरसच्या यादीतले ते अकरा धोके काय होते ते पाहा. त्यात 'सॅलिटी' किंवा 'विरुट' यांसारखी नावे असतील, तर ते व्हायरस स्वतंत्र फाइल म्हणून राहत नाहीत. संगणकावरच्या शेकडो चालत्या प्रोग्रामांच्या पोटात शिरतात. तिथे वेचून वेचून सफाई करण्यात अर्थ नाही, विंडोज नव्याने टाकणेच शहाणपणाचे, आणि वाचवलेल्या फायलींत एकही ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाइल, ठेवायची नाही. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आहे, त्यामुळे आज ना उद्या आपल्याला या संगणकाचा विचार करावाच लागेल. पण ते सगळे लेखन हाती आल्यावर, सवडीने. फॉरमॅटनंतर डेटा परत मिळवून देऊ, असे कोणी म्हणाले तर संगणकात फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे की चिपवर साठवणारी एसएसडी हे विचारा. एसएसडीवर पुसलेल्या जागा विंडोज स्वतःच रिकाम्या करून टाकते, आणि मग तिथून काही मिळण्याची आशा जवळजवळ उरत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत मुलांच्या प्रकल्पांचे पेनड्राइव्ह एकाच संगणकावर लावले जातात. एका पेनड्राइव्हमधली सगळी फोल्डरे अचानक शॉर्टकट झाली आहेत, प्रत्येकावर लहान बाण दिसतो, तरी पेनड्राइव्ह भरलेलाच असल्याचे दाखवतो. पुष्कळशा पालकांनी फायली गेल्या म्हणून पेनड्राइव्ह टाकून दिले. फायली परत मिळतील का?
— एक शिक्षक, सावंतवाडी

उत्तर : फायली गेलेल्याच नाहीत. पेनड्राइव्ह भरलेला दिसतो, हाच त्याचा पुरावा आहे. या जातीचे व्हायरस मूळ फोल्डरांना 'लपवलेले' आणि 'सिस्टिमचे' असे दोन शिक्के मारतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे ठेवतात. मूल शॉर्टकट उघडते, व्हायरस चालू होतो आणि पाठोपाठ खरे फोल्डरही उघडून दाखवतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. वर कराडच्या वाचकांनी जे फोल्डर उघडले, तेही बहुधा असेच असावे.

प्रथम संगणक स्वच्छ करा, नाहीतर सुधारलेला पेनड्राइव्ह लावताक्षणी पुन्हा तसाच होईल. मग कोणताही शॉर्टकट न उघडता फोल्डरांच्या खिडकीतून 'व्ह्यू', 'ऑप्शन्स' असे जाऊन लपवलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय निवडा आणि त्याखालची 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ही खूण काढा. ही दुसरी खूण न काढल्यामुळेच पुष्कळांना फायली सापडत नाहीत. आता मूळ फोल्डरे फिकट रंगात दिसतील. कधीकधी नावच नसलेले एक फोल्डर दिसते; व्हायरसने त्याला रिकाम्या जागेचे अक्षर नाव म्हणून दिलेले असते आणि सगळा ऐवज त्यात हलवलेला असतो. ते उघडा, मुलांच्या फायली संगणकावर काढून घ्या, त्यातले शॉर्टकट आणि अनोळखी प्रोग्राम सोडून द्या, आणि मगच पेनड्राइव्ह फॉरमॅट करून मुलाच्या हाती परत द्या. इथे फॉरमॅट योग्य आहे, कारण आपण आधी सामान बाहेर काढलेले आहे.

शाळेच्या संगणकावर मुलांसाठी प्रशासकीय अधिकार नसलेले साधे खाते काढून ठेवा. साध्या खात्यातून चालणाऱ्या प्रोग्रामला वर सांगितलेली विनलॉगऑनची ओळ बदलता येत नाही. पेनड्राइव्ह कितीही दूषित असला, तरी सगळा संगणक बंद पडण्याची वेळ त्यामुळे सहसा येणार नाही. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची मोफत साधने मिळतात, तीही उपयोगी पडतील.

प्रश्न : व्हायरस काढल्यानंतर संगणक आत तर घेतो, पण डेस्कटॉप कोरा आहे, फोटो नाहीत, आणि तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये असल्याची सूचना येते. सगळे पुसले गेले का?
— एक वाचक, वसई

उत्तर : नाही. विंडोजला आपल्या खात्याचे मूळ दालन उघडता आले नाही, म्हणून त्याने एक तात्पुरती खोली दिली आहे. या खोलीत काहीही साठवू नका, कारण बाहेर पडताच ती पाडली जाते आणि त्यात ठेवलेले सगळे जाते. या स्थितीत दोन दिवस पत्रे टाइप करून ती गमावलेली माणसे मी पाहिली आहेत.

आधी 'सी' ड्राइव्हवरच्या 'युजर्स' फोल्डरात आपल्या जुन्या नावाचे फोल्डर आहे का ते पाहा. असेल तर फोटो तिथेच आहेत. ते लगेच बाहेरच्या डिस्कवर घ्या. डिस्क पूर्ण भरलेली असणे किंवा अँटिव्हायरसने आपल्या खात्याची फाइल तपासणीसाठी धरून ठेवलेली असणे, यानेही असे होते, म्हणून थोडी जागा मोकळी करून दोन-तीन वेळा संगणक बंद-चालू करून पाहावा. तरीही फरक पडला नाही, तर नोंदवहीतल्या 'प्रोफाइललिस्ट' या कप्प्यात आपल्या खात्याच्या लांबलचक क्रमांकाला 'बॅक' असा शेपटा लागलेला असतो. जाणकार माणूस दुसऱ्या प्रशासकीय खात्यातून तो काढून जुने दालन पुन्हा जोडून देऊ शकतो.

स्वतः करणार असाल तर मी नोंदवहीपेक्षा सोपी वाट सुचवेन. नवे खाते काढा, त्यातून शिरा आणि जुन्या नावाचे फोल्डर उघडा. परवानगी विचारली की 'कंटिन्यू' द्या. फोटो हजारोंनी असतील तर ती परवानगी लागू व्हायला बराच वेळ जातो, तोवर खिडकी बंद करू नका. 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' आणि 'डेस्कटॉप' एवढेच नव्या खात्यात आणा. 'एनटीयुजर' या नावाने सुरू होणाऱ्या फायली मात्र जुन्याच जागी राहू द्या, कारण बिघाड त्यांच्यातच असण्याचा संभव आहे आणि त्या बरोबर आणल्या तर नवे खातेही तसेच वागू लागेल.